सही नालासोपाऱ्यात, जमीन राजापुरात

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, खाडीपासून चढून आलं की सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. आजेसासऱ्यांची साडेअकरा एकर जमीन, आज सातबाऱ्यावर एकतीस नावं. गावात राहून कसणारे आम्ही दोघंच. आंब्याची चाळीस कलमं आहेत, काजू आहे, खाली मळ्यात थोडं भात होतं. बाकी सगळे मुंबईला. गेल्या मंगळवारी तलाठ्याची नोटीस आली तेव्हा कळलं, की नालासोपाऱ्याच्या चुलत दिरांनी त्यांचा हिस्सा विकला. घेणारा माणूस आम्ही पाहिलेलाही नाही. दलाल मात्र रोज दारात असतो. म्हणतो, ‘सगळे द्यायला तयार आहेत, तुम्हीच राहिलात. प्रकल्प येतोय. सरकारने घेतली तर कवडीमोल जाईल.’ परवा जेसीबी लावून त्याने सड्यावरून रस्ता काढला आणि आमचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, मोडला. यजमान म्हणतात, देऊन टाकू, मुलाच्या शिक्षणाला होईल. सासरे २००९ मध्ये गेले. दोन नणंदा आहेत, पण त्यांचा प्रश्न नाही, त्यांनी केव्हाच सोडलंय. दिरांशी आम्ही बोलणं टाकलं आहे. मी काय करावं? माझं तर नावही सातबाऱ्यावर नाही.

– एक वाचक, राजापूर तालुका

ताई,

तुमचं पत्र हाती आलं तेव्हा नोटिशीचे सहा दिवस सरले होते. म्हणून सदर छापून येण्याची वाट न पाहता तुम्हाला फोनवर एवढंच सांगितलं, की आधी हरकत द्या, बाकीचं नंतर बोलू. यजमानांनी दुसऱ्या दिवशी ती दिली आणि पोच घेतली, हे ऐकून जीव भांड्यात पडला. आता सविस्तर लिहितो. तुमच्यासारखी नोटीस घरात आलेले आणखी पुष्कळजण हे वाचत असतील.

ती नोटीस नमुना नऊची. खरेदीखत नोंदवलं गेलं की तलाठी फेरफार, म्हणजे मालकी बदलाची नोंद, धरतो, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस काढतो आणि हरकतीला पंधरा दिवस देतो. कोणी काही बोललं नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो आणि नवं नाव सातबाऱ्यावर चढतं. हरकत आली तर नोंद तक्रारी ठरते, दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात आणि लेखी निकाल द्यावा लागतो. तो विरुद्ध गेला तर साठ दिवसांत प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपील करता येतं. मी स्वतः काही वर्षं मंडळ अधिकारी होतो, तेव्हा हे ऐकीव नाही. शंभरातल्या बहुतेक नोटिशींवर कोणी चकार शब्द काढत नसे. एकदा एका विधवा बाईंच्या जमिनीची अशीच नोंद मी महिनाअखेरीच्या घाईत मंजूर केली होती. नोटीस ‘घरी कोणी नाही’ म्हणून दाराला चिकटवलेली, आणि बाई पंढरीच्या वारीला गेलेल्या. कागद नियमात बसत होता. परत आल्यावर त्या कार्यालयाच्या पायरीवर बसून राहिल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्यामुळेच बहुधा मी निवृत्तीनंतर हे सदर लिहायला घेतलं.

आता एक कडू गोष्ट. दिरांनी केलेली विक्री बेकायदा आहे, असं तुम्ही धरून चालला असाल. तशी ती नाही. सामाईक जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा सहहिस्सेदार विकू शकतो, इतरांना न विचारता. पण घेणाऱ्याला मिळतो तो फक्त हिश्शाचा हक्क. सड्यावरचा रस्त्यालगतचा तुकडा बोटाने दाखवून ‘हा माझा’ म्हणायचा, कुंपण घालायचं, रस्ता काढायचा, हे त्याला करता येत नाही. आधी वाटप व्हायला हवं, मग ताबा. सगळी लबाडी चालते ती इथे. दुय्यम निबंधकांकडून त्या खरेदीखताची नक्कल काढा. नुसती सूची दोन, म्हणजे दस्ताचा गोषवारा, नको; पूर्ण दस्त हवा. त्यात हिस्सा लिहिलाय की चतुःसीमा लिहिल्यात, ते पाहा. ‘पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमुक’ अशा सीमा टाकल्या असतील, तर न झालेलं वाटप कागदावर झाल्यासारखं दाखवलंय. हरकतीचा पहिला मुद्दा तोच.

दुसरं, सही कोणाची आहे? दिरांची स्वतःची, की मुखत्याराची? मुखत्यारपत्र असेल तर तेही मागवा. ते देणारा माणूस दस्ताच्या दिवशी हयात होता का, हे विचारायला लाजू नका. आमच्या खात्यात मेलेल्या माणसांनी पुष्कळ जमिनी विकल्या आहेत. तिसरं, घेणारा शेतकरी आहे का? कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. त्याने जोडलेला शेतकरी दाखला कुठल्या गावचा, कुठल्या गटाचा, ते बघा आणि त्या गावचा सातबारा सरकारच्या ‘महाभूमी’ संकेतस्थळावरून काढून ताडून पाहा. डिजिटल सहीच्या उताऱ्याला पंधरा रुपये पडतात.

विक्रीत राहतं घर, खळं, मागीलदार यांचा हिस्साही धरलाय का, तेही बघून घ्या. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने विकत घेतला, तरी त्याला तुमच्यासोबत घरात येऊन राहायचा हक्क मिळत नाही. त्याने वाटपाचा दावा लावलाच, तर तो हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तुम्ही विकत घेऊ शकता. १८९३ सालचा वाटपाचा कायदा आहे, अजून चालतो.

जेसीबीचं प्रकरण वेगळं धरा. पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे लेखी अर्ज, पोलीस ठाण्यात तक्रार, मोडलेल्या गडग्याचे फोटो आणि मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दावा. हा कायदा १९०६ चा. मुदत सहा महिन्यांची, त्यामुळे गडगा मोडल्याची तारीख आजच वहीत लिहा. गडगा मात्र पंचनामा झाल्यावरच बांधा. रागाच्या भरात आधी बांधलात तर पुरावा तुम्हीच बुजवला म्हणायचं.

आणि ई-पीक पाहणी, म्हणजे आपल्या पिकाची सरकारी ॲपवर आपणच केलेली नोंद. यजमानांच्या मोबाईलवर ॲप असेल, नसेल तर घ्या आणि कलमं, काजू, भात सगळं फोटोसकट नोंदवा. कोकणातल्या कितीतरी सातबाऱ्यांवर झाडं डोलत असताना ‘पड’ लिहिलेलं असतं. घेणारा उद्या कोर्टात म्हणेल, इथे कोणी कसतच नव्हतं. तुम्ही वीस वर्षं काढलेले आंबे सातबाऱ्यावर दिसले पाहिजेत.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी अडलो, तिथे येतो. ‘दोन नणंदा आहेत, पण त्यांचा प्रश्न नाही, त्यांनी केव्हाच सोडलंय.’ कशावर सोडलंय, ताई? नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का? की २००९ मध्ये तेराव्याच्या दिवशी ‘आम्हाला काही नको, माहेर राहू दे’ असं त्या म्हणाल्या आणि तुम्ही तेच सोडपत्र समजलात? वारस नोंदीत त्यांची नावं लागलीच नसावीत, असा माझा अंदाज आहे. बहुतेक घरांत असंच होतं, आणि तलाठीही फार खोदून विचारत नाही. पण नाव न लागल्याने हक्क जात नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलाइतकीच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतली हिस्सेदार, झाली. महाराष्ट्रात हा बदल, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरता, १९९४ लाच आला होता. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो, असं स्पष्ट केलं. म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या हिश्शात दोन्ही नणंदा तुमच्या यजमानांच्या बरोबरीने उभ्या आहेत.

हे तुम्हाला ठाऊक नसेल. दलालाला आहे. तुमच्या दारात चहा पीत असताना त्याचा दुसरा माणूस तुमच्या थोरल्या नणंदेच्या दारात बसलेला असू शकतो. ‘भावाने तुमचं नावच लावलं नाही हो, आम्ही लावून देतो, इथे सही करा.’ या वाक्याने किती घरं फुटली, याचा हिशेब नाही. आणि वाईट असं, की वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा असतो.

म्हणून यजमानांनी स्वतः त्यांच्याकडे जावं, चूक कबूल करावी आणि वारस नोंदीत त्यांची नावं लावायचा अर्ज द्यावा. यजमान कुरकुर करतील. करू देत. मग त्यांना पुढची गोष्ट सांगा, म्हणजे कुरकुर थांबेल. वाटपाचा दावा आणि मनाई हुकूम कोणीतरी मागायलाच हवा. तो नणंदांनी मागितला तर? महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात बाईला कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. तालुका विधी सेवा समितीकडून तिला वकीलही मोफत मिळतो, उत्पन्नाची अट न घालता. म्हणजे ज्यांचा ‘प्रश्न नाही’, त्यांच्याच नावाने दावा सगळ्यात कमी खर्चात लागतो. दावा दाखल झाला की त्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्या. आपल्या राज्यात ती नोंदवावी लागते, हे कधीकधी वकीलही विसरतात. एकदा नोंदवली की त्यानंतर हिस्सा घेणारा कोर्टाच्या निकालाला बांधला जातो, आणि शहाणा गिऱ्हाईक मागे सरतो.

तुमच्या चुलत दिरांना सख्खी भावंडं आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर त्यांनाही फोन करा. वडिलांकडून एकत्र वारशाने आलेला हिस्सा एका भावंडाने बाहेर विकायला काढला, तर तो आधी आपल्याला घेता यावा असा हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ ने बाकीच्या भावंडांना दिला आहे. तो शेतजमिनीलाही लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. तुमच्या यजमानांना तो मिळणार नाही, कारण ते चुलत. पण दिरांची बहीण मिरारोडला असेल आणि तिला याची गंधवार्ताच नसेल, तर?

दलालाच्या ‘कवडीमोल’बद्दल. जमीन उद्या कवडीमोल जाणार असेल, तर बाहेरचा माणूस आज रोख मोजून ती कशाला घेईल? भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे बाजारभावाचा किमान दुप्पट मोबदला बसतो, ग्रामीण भागात गुणांक लागला तर त्याहून जास्त. त्यालाही हे पाठ आहे, म्हणून तर तो घाईत आहे. तरीही मोबदला मिळतो म्हणून निश्चिंत राहा, असं मी म्हणणार नाही. त्याच कायद्यात खासगी प्रकल्पासाठी ऐंशी टक्के लोकांच्या संमतीची अट आहे, पण जमीन एमआयडीसीच्या १९६१ च्या कायद्याखाली घेतली तर ती अट आडवी येत नाही. आणि ग्रामसभेच्या ठरावाचं म्हणाल, तर गडचिरोलीच्या मेंढा-लेखाचं उदाहरण सगळे देतात, मीही देत असे. पण तो राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला आदिवासी भाग, तिथे ग्रामसभेला जादा अधिकार देणारा पेसा कायदा आहे, वनहक्काचा जोर आहे. राजापूर तालुका त्यात नाही. ठराव जरूर करा, त्याचं वजन पडतं. पण ठराव झाला म्हणून कोणी पाठ टेकू नये.

शेजारच्याच नाणारची आठवण करून द्यायला हवी का? २०१७ मध्ये तिथे रिफायनरीसाठी अधिसूचना निघाली. बाहेरच्यांनी आधीच जमिनी घेऊन ठेवल्याचा आरोप तेव्हाच झाला. लोक उठले आणि मार्च २०१९ मध्ये अधिसूचना रद्द झाली. प्रकल्प गेला, पण ज्यांनी दलालाचं ऐकून खरेदीखत करून दिलं होतं त्यांची जमीन काही त्यामुळे परत आली नाही. सरकारची अधिसूचना मागे घेता येते. तुमची सही येत नाही. पेणमध्ये उलटं घडलं. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात महामुंबई सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, येणार होतं. एन. डी. पाटलांसारखी माणसं उभी राहिली, लोकांनी जमिनी द्यायचं नाकारलं आणि सप्टेंबर २००८ मध्ये बावीस गावांत सरकारलाच लोकांचा कौल घ्यावा लागला. कौलाचा निकाल जाहीर झाला नाही, पण संपादनही पुढे गेलं नाही. तिथले बहुतेक खातेदार गावातच राहत होते, हे विसरू नका. तुमच्याकडे एकतीसातले तीस बाहेर आहेत. १९२१ च्या रामनवमीला मुळशीत सेनापती बापटांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला, तेव्हाही हीच भेग होती. कसणारे मावळे धरणाच्या पायावर जाऊन बसत होते आणि ज्यांच्या नावावर बरीच जमीन होती ते सावकार पुण्यात बसून मोबदल्याचा भाव करत होते.

म्हणून दिरांविषयी. बोलणं टाकलंत ती सगळ्यात मोठी चूक झाली, असं मला वाटतं. नालासोपाऱ्याच्या वनरूम किचनमधल्या माणसाला साडेअकरा एकरांतून आजवर काय मिळालं? कलमांचं उत्पन्न तुम्ही खाल्लंत. कष्टही तुमचेच, मान्य. पण मे महिन्यात एक पेटी तरी गेली का त्यांच्याकडे? गणपतीला ते आले तर माडीवरची खोली उघडून दिलीत, की ‘कौलं फुटलीत’ म्हणालात? ज्या जमिनीने पंचवीस वर्षांत एक रुपया दाखवला नाही, तिचे कोणी लाखांत देतो म्हटल्यावर माणूस सही करणारच. त्यांना फितूर म्हणून वाळीत टाकलंत तर उरलेले मुंबईकर त्यांच्या बाजूने झुकतील, तुमच्या नाही. दलालाने एकतीसांतल्या एकाला फोडलं, बाकीचे त्याच्या वहीत क्रमाने आहेत. ती वही तुमच्याकडेही आहे, सातबारा म्हणतात तिला. एकेक नाव घ्या आणि फोन फिरवा.

त्यांना द्यायला तुमच्याकडे काय आहे, याचा विचार मात्र निघण्याआधी करा. कलमांच्या उत्पन्नाचा वर्षाचा हिशेब आणि त्यातून छोटासा का होईना वाटा. सगळ्यांच्या संमतीने जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप, म्हणजे ज्याला त्याला आपला तुकडा दिसेल. घर बांधायचं असेल त्याला जागा. आणि विकायची झाली तर आधी भावकीला विचारायचं, असा लेखी करार. यातलं सगळं जमेलच असं नाही. निम्मं जमलं तरी दलालाचं काम अवघड होतं.

यजमानांना विकायचंच असेल तर? विकू देत. मुलाच्या शिक्षणासाठी जमीन विकणं हे पाप नाही, आणि गावात राहणाऱ्यांनी कायम पहारा देत बसावं, असं मुंबईत बसून म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पण वाटप झाल्यावर, मोजून, आपला तुकडा आपल्या भावाने विका. वाटपाआधीचा हिस्सा म्हणजे न सोललेला नारळ, दलाल त्याला सोललेल्याचा भाव देत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. दलालाशी एकटीने वाद घालू नका. सड्यावर एकट्या जाऊ नका. मोजणीदार येतील त्या दिवशी चार माणसं बरोबर न्या आणि हरकत मोजणीच्या कागदावरच लिहून द्या. तुमच्याच तालुक्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये पत्रकार शशिकांत वारिसे यांना गाडीने उडवलं गेलं आणि त्यांचा मृत्यू झाला. जमिनीचे व्यवहार करणाऱ्या ज्या माणसाविषयीची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, त्याच्यावर पुढे खुनाचा गुन्हा दाखल झाला. तुम्हाला घाबरवायला हे लिहिलेलं नाही. धमकीचा फोन आला तर तो रेकॉर्ड करा, तारखेसह तक्रार द्या, आणि गावातल्या पाच घरांना माहीत असू द्या.

‘माझं तर नावही सातबाऱ्यावर नाही’ असं तुम्ही लिहिलंत. खरं आहे. पण त्या एकतीस जणांपैकी पत्र कोणी लिहिलं? नणंदांशी बोलणं तुम्हालाच जमेल, यजमानांना ते शरमेने जमणार नाही. त्यांच्याआधी तुम्ही फोन करा.

नालासोपाऱ्याला जाल ते दोघंही जा, आणि रविवारी जा, म्हणजे दीर घरी असतील. जाताना एक कापा फणस, थोडी काजूची बी आणि या वर्षीचे आमसूल न्या. खरेदीखताच्या वेळी दलालाने काय काय सांगितलं, ते त्यांच्याच तोंडून ऐकून घ्या. मला तर वाटतं, त्यांनाही अर्धंच सांगितलं असेल. किती मिळाले, हे मात्र पहिल्या चहाला विचारू नका.